मिथेनचा वास

मिथेन या वायूला रंग नसतो, चव नसते आणि वास नसतो. हे वाक्य मी नोकरीभर फळ्यावर लिहिलं. काळा फळा जाऊन हिरवा आला, हिरवा जाऊन पांढरा आला, वाक्य तेच राहिलं. आणि ते लिहून मी मागं वळायचो तेव्हा टेबलावरच्या गॅसजारमधून निघालेला सिलेंडरचा वास वर्गभर पसरलेला असायचा.

आमच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट हसत हसत सांगतात. नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्या चहाबरोबर त्याला ‘सरांचा कांदा’ ऐकवला जातो. गेल्या वर्षी माझ्या निरोपसमारंभातही एकानं ती सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसलो. हसलो नसतो तर कार्यक्रमाचा विचका झाला असता. दिवाळी अंकासाठी प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहून द्या, असा संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांच्याही कानावर हीच गोष्ट गेलेली होती. म्हटलं, ठीक आहे. एकदा जशी घडली तशी सांगून टाकू. गंमत किती उरते ते वाचणाऱ्यानं बघावं.

मी बजाजनगरमधल्या एका शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. मुलं बहुतेक वाळूजच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांची. बाप पहिल्या पाळीला, तर आई दुसरीकडं पॅकिंगला. घरी आल्यावर स्वयंपाक पोरांनीच गॅसवर चढवायचा. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ज्यांनी दहावीनंतर रसायनशास्त्राचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कार्बन आणि हायड्रोजन या दोघांपासूनच बनलेले काही साधे वायू असतात. त्यांतले तीन आम्ही वर्गासमोर तयार करून दाखवायचो. इथाइन, इथीन आणि मिथेन.

इथाइन म्हणजे घरातलं गुणी लेकरू. फ्लास्कमध्ये कॅल्शियम कार्बाइडचे खडे टाकायचे, वरून पाण्याचे थेंब सोडायचे. तापवायचं नाही, ढवळायचं नाही. खडे फसफसतात आणि वायू नळीतून आपणहून चालू लागतो. आमचं कार्बाइड वेल्डिंगच्या दुकानातून यायचं, त्यात भेसळ असायची, त्यामुळं प्रयोगाच्या दिवशी लसणाची फोडणी दिल्यासारखा वास सुटायचा. वायू पेटवला की पिवळी, काजळी धरणारी ज्योत. काजळीची काळी जाळी वर्गात तरंगत राहायची आणि नेमकी त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेल्या मुख्याध्यापकांच्या खांद्यावर जाऊन बसायची.

इथीनला जरा मान द्यावा लागतो. अल्कोहोल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवायचं. मिश्रण काळं पडतं, फेस चढतो, थर्मामीटरवरून नजर हलवता येत नाही. ताप कमी पडला तर भलतंच काहीतरी निघतं, जास्त झाला तर काळा फेस नळीत घुसतो. माझ्या दोन शर्टांना त्यानं भोकं पाडली. पण जमायचं. केळी पिकवणारे हाच वायू वापरतात, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही माना वर करायची.

राहिला मिथेन. सगळ्यांत साधा, पुस्तकात सगळ्यांत आधी येणारा. सोडियम ॲसिटेट आणि सोडा लाइम या दोन पांढऱ्या पावडरी एकत्र घोटायच्या, काचेच्या परीक्षानळीत भरायच्या आणि जोरात तापवायच्या. वायू निघतो, तो वाकड्या नळीनं पाण्याखाली नेऊन उपड्या जारमध्ये गोळा करायचा. पुस्तकात हे चार ओळींत आटोपलेलं आहे. पुस्तक हे सांगत नाही की ॲसिटेटच्या पोटात पाणी असतं. ते आधी कढईत परतून उडवून टाकावं लागतं. नाही टाकलं तर त्याची वाफ नळीच्या गार टोकाशी थेंब धरते, थेंब उलटा ओघळून लाल तापलेल्या काचेवर येतो आणि काच तडकते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी काच तडकली. साठ-सत्तर पोरं टेबलाभोवती मान लांब करून उभी, मी घामाघूम, आणि नळीचं बूड टपकन खाली पडलं. पांढरी पावडर टेबलभर झाली. मागून कुणीतरी विचारलं, “सर, हाच का मिथेन?” वर्ग हसला. पोरं हसतात, पोरांचं ते कामच आहे. पण ते हसू माझ्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

त्याचं कारण खुलताबादला होतं. माझे वडील तिथं गवंड्याच्या हाताखाली राबायचे. आमच्या बौद्धवाड्यातला पदवीधर झालेला मी पहिला, मास्तर झालेलाही पहिला. नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा वडील एसटी स्टँडवर आले होते. खिडकीतून म्हणाले, “ध्यानात ठिव. आपल्याला चुकायची मुभा नाय. दुसऱ्याचं चुकलं तर लोक म्हणत्यात माणूस चुकला. आपलं चुकलं की जात काढत्यात.” माझ्या वर्गातल्या कुणी जात काढली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. ती नुसती पोरं होती. पण माझ्या कानांना दोन हसण्यांतला फरक करता येत नव्हता.

तेव्हाच्या आमच्या ज्येष्ठ शिक्षकांनी मला रस्ता दाखवला. ते म्हणाले, “अहो, कशाला जिवाला त्रास करून घेता? बर्नरची रबरी नळी काढा आणि पाण्याखाली जारमध्ये धरा. जार भरतो. काडी लावली की पेटतो. पोरांना पेटलेलं दिसलं की झालं. सगळीकडं असंच चालतं.” आमच्या प्रयोगशाळेचे बर्नर स्वयंपाकाच्या गॅसवर चालायचे. सिलेंडर खिडकीबाहेर, नळ टेबलावर. टेबलावर दाखवायला एक लोखंडी स्टँड उभा करायचा, त्यात शोभेपुरती पावडरीची परीक्षानळी अडकवायची, आणि जार खरे कुठून भरले ते विचारायचं नाही.

जार भरायचं काम रहीमभाईंचं. ते आमचे लॅब अटेंडंट. माझ्याहून थोडे थोरले, दाढी मेंदीनं रंगवलेली. वर्ग भरायच्या आधी ते नळाच्या चावीवर हात ठेवून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, “सर, मिथेन छोडूं क्या?” मी म्हणायचो, “हौ.” आणि आम्ही दोघं हसायचो. हा आमचा दरवर्षीचा विनोद होता.

स्वयंपाकाचा गॅस आणि मिथेन यांच्यात फरक काय, असं कुणी विचारेल. मिथेन हवेपेक्षा हलका, जार उघडा ठेवला की वर उडून जातो. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जारमध्ये बसून राहतो. मिथेनची ज्योत निळसर, जारमधल्या आमच्या गॅसची पिवळी. आणि मिथेनला वास नाही, तर सिलेंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो. म्हणजे पुस्तकातला मिथेन आणि आमचा मिथेन यांचं एकाच बाबतीत जमायचं. दोघंही पेटायचे.

आता तो मघाचा तपशील काढा. बजाजनगरमधल्या ज्या पोरानं स्वतः कितीदा तरी रेग्युलेटर बदललाय, त्याला हा वास ओळखू येणार नाही? दरवर्षी वर्गातल्या प्रत्येकाला यायचा. प्रत्येक जण नाक जवळ न्यायचा, मान हलवायचा, जागेवर जायचा आणि लिहायचा: वास, गंधहीन. नाकात सिलेंडर आणि कागदावर गंधहीन. इतक्या वर्षांत एकानंही हात वर केला नाही. मी याला शिस्त समजायचो. चांगल्या घरची पोरं आहेत, असंही म्हणायचो.

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. त्यांना प्रयोग बघायची हौस. त्यांनी जार उचलला, झाकणाची चकती सरकवली, भसकन श्वास घेतला, जरासे मागं सरले आणि म्हणाले, “वा. अगदी गंधहीन.” शेरेबुकात ‘प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवले जातात’ असा शेराही दिला. रहीमभाई कपाटाआड जाऊन तोंड दाबून हसत होते. तो शेरा मी पुढं कितीतरी लोकांना अभिमानानं दाखवला. स्वतःचंच नाटक माणसाला किती लवकर खरं वाटू लागतं, याचं मला आता नवल वाटतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वैष्णवी आमच्याकडं आली. वैजापूरकडच्या एका खेड्यातली, धनगराची पोर. आईबाप वर्षातले काही महिने मेंढरं घेऊन बाहेर, उरलेले महिने कांद्याच्या कामाला. तिनं दहावीला गावात सगळ्यांपेक्षा जास्त मार्क काढले आणि सायन्सच घेणार म्हणून हट्ट धरला. राहायला मुलींच्या सरकारी वसतिगृहात, जेवायला तिथल्याच मेसमध्ये. तिच्या घरी सिलेंडर आलेलं होतं, पण ते एकदा संपलं ते संपलंच. आई त्यावर पाण्याचा हंडा ठेवायची. मेंढरामागं गेलं की तीन दगडांची चूल. म्हणजे आमच्या वर्गात एकच नाक असं होतं ज्याला तो वास कशाचा हे ठाऊक नव्हतं.

अकरावीच्या पहिल्या तासाला मी सगळ्या वर्गांना एक भाषण द्यायचो. विज्ञान म्हणजे पाठांतर नाही, जे दिसतं ते बोलायचं, जे दिसत नाही ते बोलायचं नाही. चांगलं जमून आलेलं भाषण होतं. बाकीच्या पोरांनी ते भाषण म्हणून ऐकलं. वैष्णवीनं खरं मानलं. मीठ पाण्यात विरघळताना पाणी गार होतं का, हे बघायला तिनं एकदा अख्खी मधली सुट्टी घालवली होती. होतं, अगदी थोडं होतं. तिनं येऊन सांगितलं तेव्हा मला तिचा लई अभिमान वाटला.

मिथेनच्या तासाला तिला पुढची जागा मिळाली. मी म्हणालो, जवळ या, वास घेऊन बघा. ती आली. जार दोन्ही हातांनी धरून तिनं सावकाश हुंगला, कपाळाला आठी घातली, आणि विचार करत जागेवर गेली. मी वर्गाला विचारलं, “वास?” वर्ग एका सुरात म्हणाला, “गंधहीन.” त्या सुरात तिचा आवाज होता की नाही, ते मी पाहिलं नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून एक परीक्षक येतात. शहरातल्या एका कॉलेजचे, माझ्याच वयाचे, तसे चांगले गृहस्थ. या परीक्षेची एक रीत असते. परीक्षकांना उत्तम चहा, उत्तम जेवण, आणि पोरांना उत्तम मार्क. कुणी कुणाला अडचणीत आणायचं नसतं. तोंडी परीक्षेला पाच-पाच मुलं एकदम बोलवायची, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि सोडायचं. मी शेजारी खुर्ची टाकून बसलेलो.

वैष्णवी आत आली तेव्हा परीक्षक जरा कंटाळले होते. आधीच्या सगळ्या पोरांनी पुस्तक ओकलं होतं. ते म्हणाले, “हे बघ बाळ, पाठ केलेलं नको. तू स्वतः पाहिलेला एखादा प्रयोग सांग. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच.”

तिचा चेहरा उजळला. अशा प्रश्नाची ती वाट बघत असावी. म्हणाली, “सर, मिथेनचा सांगते.”

“सांग. ज्योत कशी होती?”

“पिवळी, सर. वर जराशी काळी.”

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या कागदांकडं पाहिलं.

“बरं. हवेपेक्षा हलका की जड?”

“जड असावा, सर. जार सरळ ठेवला व्हता, चकती काढून लई वेळ झाला, तरी गॅस आतच व्हता. मग पेटवला.”

“आणि वास?”

“सडलेल्या कांद्यावानी येतो, सर. कांद्याच्या चाळीत खालचा कांदा सडला की येतो ना, तसाच.”

बरोबरची चौघं मुलं फुटली. नुसतं चुकीचं उत्तर ऐकून पोरं एवढी हसत नाहीत. त्यांना वास कशाचा ते माहीत होतं, जार कुणी भरला ते माहीत होतं, आणि ते कधीच बोलायचं नसतं हेही माहीत होतं. परीक्षकांना तर सगळंच माहीत होतं, त्यांच्याही प्रयोगशाळेचे बर्नर गॅसवरच चालत असणार. ते हसू आवरत म्हणाले, “अगं, हा मिथेन आहे का कांदाभजी?”

आता मुलं मोकळेपणानं हसली. वैष्णवी हसली नाही. तिनं माझ्याकडं वळून सरळ डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, “सर, तुम्हीच जवळून हुंगायला लावलं व्हतं. तुम्ही सांगा ना ह्यांना.”

पेच एवढाच होता. त्या पोरीनं स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला ती माझ्याकडं आली होती. एक वाक्य पुरलं असतं. ती बरोबर सांगतेय, चूक माझी आहे. परीक्षकांनी ते ऐकून सोडून दिलं असतं, चार पोरांनी दोन दिवस चघळलं असतं, आणि मी निवृत्तीला आलेलो माणूस, माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. पण माझ्या कानात ते पहिल्या वर्षीचं हसू सुरू झालं. मी परीक्षकांकडं बघून म्हणालो, “घाबरलीय. एरवी हुशार आहे.”

खोट्या प्रयोगाची मला लाज वाटते. या वाक्याची त्याहून जास्त वाटते, कारण ते ऐकायला मायेचं आहे. ती मान खाली घालून म्हणाली, “मी घाबरले नाय, सर.” पण ते तिनं इतक्या हळू म्हटलं की ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं होतं. परीक्षक म्हणाले, “असू द्या, असू द्या,” आणि तिलाही सगळ्यांइतकेच पैकीच्या पैकी मार्क दिले.

दुपारी जेवायला बसलो. परीक्षकांना अजून हसू येत होतं. आमचे आणखी एक-दोन सहकारी पंगतीला होते, त्यांना त्यांनी किस्सा सांगितला. मग विचारलं, “कुठली आहे ती पोरगी?” कुणीतरी सांगितलं, वैजापूरकडची, धनगराची. “तरीच,” ते म्हणाले, “मेंढरांत वाढलेलं नाक. त्याला काय मिथेन कळणार?” सगळे हसले.

वडिलांनी एसटीच्या खिडकीतून सांगितलेलं वाक्य माझ्यासमोर ताटात वाढलं गेलं. दुसऱ्याचं चुकलं तर माणूस चुकला, आपलं चुकलं की जात काढत्यात. इथं तर तिचं चुकलंही नव्हतं. चुकलं होतं माझं, आणि जात निघाली तिची. जन्मभर ज्या एका गोष्टीला भ्यालो ती मी दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला नेऊन घातली. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं, नंतर विचार करून वगैरे नाही. आणि कळल्यावर मी काय केलं, तर त्यांना आणखी एक पोळी वाढली. ते नको नको म्हणत होते, मी आग्रह केला.

नंतरच्या दिवसांत तिचं नाव ‘कांदा’ पडलं. वसतिगृहातल्या पोरींनी तिला एकदाचं सांगून टाकलं की तो मिथेन नव्हताच, घरचा गॅस होता, सगळ्यांना माहीत होतं, तुलाच कसं नाही कळलं. मला हे रहीमभाईंनी सांगितलं. ते काचेची भांडी पुसत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “सर, वो बच्ची को सब कांदा कांदा बोल रैं.” त्यांनी एक चंचुपात्र पुसून ठेवलं, दुसरं घेतलं. “गॅस तो हमीच छोडे ना, सर.” ‘हमी’मध्ये त्यांनी स्वतःलाही घेतलं होतं, हा त्यांचा चांगुलपणा. त्यानंतर त्यांनी मला मिथेन सोडू का असं कधी विचारलं नाही.

मी वाळूजच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी नळी करून आणली, एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूला बूच बसेल अशी. लोखंड तडकत नाही. हे मला नोकरीच्या दुसऱ्या दिवशीही सुचू शकलं असतं. रविवारी रहीमभाईंना बोलावलं. त्यांनी घरून जुनी कढई आणली. ॲसिटेट मंद आचेवर परतलं. ते आधी वितळलं, मग त्यातलं पाणी उडून ते कोरडं खडखडीत झालं. गार करून, कुटून, सोडा लाइममध्ये घोटलं. नळी तापवली. थोड्या वेळानं पाण्याखाली बुडबुडे येऊ लागले. पहिले हवेचे, ते सोडून दिले. मग जार भरला.

मी चकती सरकवली आणि नाक लावलं. काहीच आलं नाही. दुसरा जार रहीमभाईंनी पेटवला. फिकट निळी ज्योत, उन्हात दिसते न दिसते अशी, जारच्या तोंडावर भुर्रकन होऊन गेली. रहीमभाई म्हणाले, “बस? इत्ताच?” खरंच, एवढंच होतं. बघायला तर काहीच नाही. एका दुपारचं काम होतं आणि मी ते न करता निवृत्तीपर्यंत आलो होतो. आनंद व्हायला हवा होता. मी स्टुलावर बसून राहिलो.

लेखी परीक्षेच्या आधी मुलं प्रवेशपत्र न्यायला येतात. त्या दिवशी मी वर्गाला प्रयोगशाळेत थांबवलं. जार आधीच भरून ठेवले होते. काय बोलायचं ते घरी आरशापुढं म्हणून पाहिलं होतं, या वयात. मी म्हणालो, “आजवर मी तुम्हाला मिथेन म्हणून दाखवला तो सिलेंडरचा गॅस होता. प्रात्यक्षिकात वैष्णवीनं सांगितलं ते सगळं बरोबर होतं. पिवळी ज्योत, जडपणा, वास, सगळं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, मी बोललो नाही. मला त्याची लाज वाटते.”

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कुजबुज तरी. एक पोरगा समजुतीच्या सुरात म्हणाला, “माहितीय सर. चालतंय.” दुसऱ्या एकानं घड्याळ पाहिलं. मी एवढ्या वर्षांची कबुली त्यांच्यापुढं ठेवली आणि ती त्यांना जुनी बातमी होती.

वैष्णवी मागं उभी होती. मी तिला पुढं बोलावलं. जार तिच्या हातात दिला आणि म्हणालो, “हा खरा आहे. मी केलेला. तू वास घे आणि सगळ्यांना सांग.”

तिनं जार पूर्वीसारखाच दोन्ही हातांनी धरला. चकतीवर बोट ठेवलं, पण सरकवली नाही. कपाळाला आठी आली नाही. माझ्याकडं बघून तिनं शांतपणे विचारलं, “सर, परीक्षेत काय लिहायचं असतं?”

“ते सोड. तू घेऊन तर बघ.”

“नाय, लिहायचं काय ते सांगा, सर.”

वर्ग वाट बघत होता. मी म्हणालो, “गंधहीन.”

“मग गंधहीनच हाय,” ती म्हणाली. तिनं बंद जार जपून टेबलावर ठेवला आणि मागं जाऊन उभी राहिली. उत्तर बरोबर होतं.